फावडं घेऊन तो माणूस तिथे का उभा आहे?

पोस्ट लांब आहे. विषय रूक्ष वाटेल. पण ज्यांच्या घरचं कोणी खाणीत, स्टील प्लांटमध्ये, वीज केंद्रात, साखर कारखान्यात किंवा मोठ्या राईस मिलमध्ये ठेकेदाराकडे कामाला जातं, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

पट्ट्यावरच्या अपघाताच्या बातमीची भाषा ठरलेली असते. 'कन्व्हेयर बेल्टमध्ये अडकून कामगाराचा मृत्यू', 'पट्ट्यात हात जाऊन मजूर जखमी'. चार ओळी, खाली 'पुढील तपास सुरू आहे', आणि मध्ये कुठेतरी एक वाक्य: साफसफाई करताना तोल गेल्याने, किंवा निष्काळजीपणामुळे. आम्ही पत्रकारही ते वाक्य तसंच उतरवून घेतो. पण एक प्रश्न त्या बातमीत कधीच नसतो. चालत्या पट्ट्याजवळ फावडं घेऊन तो माणूस उभा होता कशाला?

तो उभा होता, कारण तिथे माल सांडला होता. माल सांडला होता, कारण वरून माल पडतो त्या जागी पट्ट्याला खालून नीट आधार नव्हता. माझं म्हणणं एवढंच आहे. बाकी पोस्ट हे समजावण्यासाठी आहे.

आधी आपला जिल्हा बघा. भंडारा म्हणजे तलाव, धान आणि पितळेची भांडी, असं शाळेत शिकवतात. ते खरंच आहे. पण तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गला मॅंगनीजची उघडी खाण आहे, चिखल्याला भूमिगत खाण आहे. तुमसर रोडवरून तिरोडीला जाणारी रेल्वेची फाटी याच खनिजाच्या पट्ट्यातून जाते. वरठीला स्टीलचा कारखाना आहे, देव्हाड्याला साखर कारखाना. जिल्ह्याची हद्द ओलांडली की एका बाजूला मौद्याचं 2320 मेगावॅटचं वीज केंद्र, दुसऱ्या बाजूला तिरोड्याचं 3300 मेगावॅटचं. खनिज, कोळसा, उसाचा भुसा, धान, तांदूळ. ही सगळी सुट्या मालाची ने-आण आहे आणि तिचा कणा म्हणजे रबरी पट्टा.

किती माल? हिशोब सोपा आहे. आपल्याकडच्या कोळशातून एक युनिट वीज काढायला साधारण 600 ते 700 ग्रॅम कोळसा लागतो. 3300 मेगावॅट पूर्ण क्षमतेने तासभर चाललं तर 33 लाख युनिट होतात. म्हणजे एका तासात दोन हजार टनांच्या वर कोळसा पट्ट्यावरून सरकतो. रात्री आपण पंखा लावून झोपतो तेव्हाही तो सरकतच असतो.

आता पट्टा कसा चालतो ते. पट्टा सरळ धावत असतो तोवर फार भानगड नसते. खाली मीटर-सव्वा मीटरवर रोलर असतात, तीन-तीनचे संच, पट्टा त्यावर पन्हाळीसारखा वाकून चालतो. भानगड होते ती एका पट्ट्यावरून दुसऱ्या पट्ट्यावर माल टाकायच्या जागी. दिशा बदलायची, उंची बदलायची, क्रशरमधून बंकरकडे न्यायचं, की तिथे चूट आली. प्लांटवाले याला ट्रान्सफर पॉइंट म्हणतात. माल वरून पडतो, खालचा पट्टा तो झेलतो आणि घेऊन पळतो.

पडणं साधं नसतं. दोन मीटरवरून पडणारा दगड पट्ट्याला लागतो तेव्हा त्याचा वेग ताशी 22-23 किलोमीटर असतो. मॅंगनीजचं खनिज जड. कोळशाच्या घमेल्याच्या जवळपास अडीच पट वजन त्याच घमेल्यात भरतं. असे धोंडे दिवसरात्र एकाच जागी आदळत राहतात. आता त्या जागी खाली रोलर मीटरभर अंतरावर असतील, तर दोन रोलरच्या मधला पट्टा प्रत्येक दणक्याला खाली झोळतो आणि परत वर येतो.

सैल नवारीची खाट आठवा. माणूस मध्ये बसला की मधला भाग खाली जातो आणि कडेला फट पडते. पट्ट्याचं तेच. वर दोन्ही बाजूंनी माल अडवायला लोखंडी पत्रा आणि त्याला खाली रबराची पट्टी लावलेली असते, स्कर्ट म्हणतात तिला. पट्टा झोळला की स्कर्ट आणि पट्टा यांच्यात फट पडते. बारीक माल तिथून बाहेर येतो, धूळ उडते. आणि पट्टा पुढच्या रोलरवर चढताना फट परत बंद होते, तेव्हा एखादा खडा मध्येच अडकून राहतो. तो अडकलेला खडा पट्ट्यावर चर पाडत जातो. लाखो रुपयांचा पट्टा दोन्ही कडेला रेघ मारल्यासारखा कापला जातो.

मग करतात काय? स्कर्टचे बोल्ट आणखी आवळतात. रबर पट्ट्यावर घट्ट दाबतात. म्हणजे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी! झोळ खालून आला आहे आणि इलाज वरून चालू आहे. आठ-पंधरा दिवसांत रबर घासून जातं, पट्टाही घासतो, गळती पुन्हा सुरू. शेवटी इलाज एकच उरतो. माणूस. फावडं, घमेलं आणि ठेकेदाराचा माणूस.

दुरुस्ती काही रॉकेट सायन्स नाही. माल पडतो त्या टप्प्यात रोलर जवळजवळ बसवायचे आणि तेही रबराच्या कड्यांचे, दणका पिणारे. दणका मोठा असेल तर रोलरच्या जागी इम्पॅक्ट बेड टाकायचा. म्हणजे जाड रबराच्या लांब पट्ट्या, वरून गुळगुळीत प्लास्टिकचा थर, पट्टा त्यावरून घसरत जातो आणि झोळायला जागाच उरत नाही. दोन्ही कडांना, स्कर्टच्या बरोबर खाली, सलग आधार द्यायचा म्हणजे फट पडणारच नाही. आणि हा आधार माल पडतो तिथेच संपवायचा नाही, माल पट्ट्यावर स्थिर होईपर्यंत पुढे न्यायचा. चूट अशी वळवायची की माल उभा न आदळता पट्ट्याच्या दिशेने, मधोमध उतरेल. एका बाजूला पडला की पट्टा दुसऱ्या बाजूला पळतो, हे कुठलाही जुना फिटर सांगेल.

आणखी एक गोष्ट, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. आधाराचा हा सगळा सांगाडा बाजूने बाहेर ओढता आला पाहिजे. रोलर बदलायला माणसाला पट्ट्याखाली झोपून शिरावं लागत असेल, तर तो रोलर बदललाच जात नाही. जाम झालेला रोलर महिनोन् महिने तसाच राहतो. पट्टा त्यावर घासतो, रोलर तापतो आणि खाली कोळशाची भुकटी साचलेली असते. पुढचं सांगायची गरज नाही.

असं खरंच होतं का? इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या क्रेसवेल कोळसा खाणीत 26 सप्टेंबर 1950 च्या पहाटे झालं. जमिनीखाली एका ट्रान्सफर पॉइंटवर फाटलेला पट्टा चुटीत अडकला, घर्षणाने पेटला, आणि विषारी वायूने 80 खाण कामगार मेले. सुरुंग नाही, गॅसचा स्फोट नाही. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कोळसा टाकणारा एक पट्टा. त्यानंतर जगभरात न पेटणारे पट्टे वापरण्याचा आग्रह वाढला.

आपल्याकडे मात्र मोठं काही घडल्याशिवाय कोणाचं लक्ष जात नाही. 9 जानेवारी 2021 ला जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली, 10 बाळं गेली. 24 जानेवारी 2025 ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, 8 कामगार गेले. दोन्ही वेळा देशभरचे कॅमेरे भंडाऱ्यात होते. मंत्री आले, चौकश्या लागल्या, ऑडिटचे आदेश निघाले. बैल गेला अन् झोपा केला. पण पट्ट्यावरचा अपघात एका वेळी एकाच माणसाचा असतो. कधी फक्त हाताचा, कधी तीन बोटांचा. त्यासाठी कॅमेरा येत नाही. मदत घ्यायला तहसीलला जाताना त्या माणसाच्या बायकोला कागद कोणता लागतो हेही माहीत नसतं.

इथे कुठल्या एका कंपनीवर बोट ठेवायचं नाही. हा दोष एका गेटच्या आतला नाही, पद्धतीचा आहे. पद्धत अशी: मशीनमधला दोष दुरुस्त करायला पैसा एकदम लागतो आणि वरून मंजुरी लागते. सांडलेला माल उचलायला मात्र दर महिन्याचा 'हाऊसकीपिंग'चा ठेका असतो, तो आपोआप पास होतो. म्हणजे यंत्राचा दोष मजुराच्या रोजीत बदलून टाकला जातो. मजुरी स्वस्त आहे म्हणून दोष महाग वाटत नाही.

आणि मजूर कोण? धान कापणी झाली, मळणी झाली, की पुढचे महिने हाताला काम नसलेला आपलाच पोरगा. कोणी नागपूर धरतो, कोणी हैदराबाद, कोणी गावाजवळच्या प्लांटमध्ये ठेकेदाराकडे लागतो. त्याला प्रशिक्षण काय? हेल्मेट, बूट आणि 'पट्ट्यापासून जरा दूर राहजो'. आता पट्ट्याखालचा माल पट्ट्यापासून दूर राहून कसा काढायचा, हे सांगणारा अजून जन्माला यायचा आहे.

'पट्टा बंद करून का साफ करत नाही?' असं कुठल्याही प्लांटमधल्या मजुराला विचारून बघा. उत्तर याच धर्तीचं येईल: 'पट्टा थांबवला तं सायब बोंबलते ना भाऊ.' कारण एक पट्टा थांबला की मागचे सगळे थांबतात, मिनिटा-मिनिटाचं उत्पादन मोजलं जातं. चालत्या पट्ट्याजवळ साफ करणं ही मजुराची बेफिकिरी नाही. कागदावर मनाई असलेली आणि रोज करून घेतली जाणारी ती ड्युटी आहे.

त्याच्या हाताशी वेळ किती असतो तेही मोजू. पट्टा सेकंदाला दोन मीटर धावतो असं धरा, हा काही फार वेग नाही. फावड्याचं टोक पट्टा आणि रोलरच्या मध्ये सापडलं, हे मेंदूला कळून मूठ सैल व्हायला पाऊण सेकंद तरी लागतो. तेवढ्यात पट्टा दीड मीटर पुढे गेलेला असतो. हात फावड्यासोबत गेलेला असतो. बाजूची दोरी ओढून पट्टा बंद करायची सोय असते खरी, पण ओढायला हात मोकळा पाहिजे, आणि दोरी ओढल्यावरही भरलेला पट्टा जागच्या जागी थांबत नाही. सावध माणूसही इथे हरतो. म्हणून 'निष्काळजीपणा' हा शब्द मला मान्य नाही.

धुळीचं तर कोणी बोलतच नाही. ट्रान्सफर पॉइंटवर सांडतं ते दिसतं, उडतं ते फुप्फुसात जातं. दगडाच्या धुळीतून सिलिकोसिस होतो. मॅंगनीजची धूळ वर्षानुवर्षं पोटात-छातीत गेली तर मेंदूवर परिणाम होतो. चाल बिघडते, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. ग्लासगोच्या जॉन कूपर नावाच्या डॉक्टरने मॅंगनीज दळणाऱ्या कामगारांमध्ये हे 1837 मध्येच लिहून ठेवलं आहे. आपल्या 1948 च्या कारखाना कायद्यातही मॅंगनीजची विषबाधा नोंदवायच्या आजारांच्या यादीत होती. यादीत असणं वेगळं आणि गोबरवाहीच्या बाजूच्या एखाद्या म्हाताऱ्या मजुराचे हात का थरथरतात हे कोणी तपासणं वेगळं. तो म्हणतो, वय झालं. डॉक्टरही म्हणतात, वय झालं. कदाचित वयच असेल. पण त्याने आयुष्य कुठे काढलं, हा प्रश्न केस पेपरवर असायला हवा की नाही?

आता मालकांच्या बाजूनेही बोलू, कारण त्यांची अडचण पूर्ण खोटी नाही. आधाराचे हे बेड महाग येतात. जुन्या प्लांटमध्ये चुटीखाली जागाच नसते, स्ट्रक्चर कापावं लागतं. बसवायला दोन-तीन दिवस बंद ठेवावं लागतं. बेड चुकीचा बसवला तर पट्ट्याला उलट रगड वाढते, मोटरवर लोड येतो. हे सगळं खरं आहे.

पण सांडणाऱ्या मालाचा हिशोब करा ना. तासाला 100 टन नेणारा पट्टा घ्या. त्यातून मिनिटाला फक्त एक किलो सांडतं असं धरा. टक्क्यात काढलं तर 0.06 टक्के, डोळ्याला दिसणारही नाही. दिवसाला 20 तास चाललं तर 1200 किलो. वर्षाचे 300 दिवस धरले तर 360 टन. आणि हे एका जागेचं. प्लांटमध्ये अशा जागा किती? त्यावर पट्ट्याचं कमी झालेलं आयुष्य, जाम झालेले रोलर, उचलायची मजुरी, अपघात झाला तर बंद राहिलेले दिवस आणि नुकसानभरपाई जोडा. मग सांगा महाग काय आहे. गंमत म्हणजे हा हिशोब प्लांटच्या इंजिनिअरला माझ्यापेक्षा चांगला येतो. तो प्रस्ताव करून पाठवतो आणि तो पुढच्या बजेटवर ढकलला जातो. कारण सांडलेल्या मालाचं वेगळं खातं नसतं, खरेदीचं असतं.

कायदा काय म्हणतो? 1948 च्या कायद्याचं कलम 21 सांगत होतं की यंत्राच्या धोकादायक फिरत्या भागांना मजबूत गार्ड पाहिजे आणि यंत्र चालू असताना तो जागेवर पाहिजे. ट्रान्सफर पॉइंटचा गार्ड मात्र साफसफाईला आड येतो म्हणून काढून बाजूला भिंतीला टेकवला जातो. म्हणजे इथेही मूळ सांडण्यातच. माल सांडला नाही तर गार्ड काढायची गरजच नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून त्या जुन्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. तिच्यात कारखाना म्हणजे विजेवर चालणारा आणि किमान 20 कामगार असलेला. कारखान्यात सुरक्षा समिती बंधनकारक करायची ती साधारण 500 कामगारांवर, धोकादायक प्रक्रिया असेल तर 250 वर, खाणीत 100 वर. आपल्याकडच्या राईस मिलच्या हजेरी बुकात किती नावं असतात हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. एलिव्हेटर तोच, पट्टा तोच, हात जायची जागा तीच, पण समिती नाही. पट्ट्याला माहीत नसतं की कारखान्यात 19 माणसं आहेत की 500.

मग मागायचं काय? नुसती बोंब मारून उपयोग नाही, म्हणून नेमकं लिहितो.

एक. प्रत्येक ट्रान्सफर पॉइंटवर सांडलेल्या मालाचं वजन रोज लिहा. उचलतातच, मग काट्यावर ठेवायला काय जातं? ज्या जागी जास्त सांडतं, ती जागा आधी दुरुस्त करा.

दोन. नवा पट्टा किंवा नवा प्लांट घेताना टेंडरमध्येच लिहा की माल पडायच्या टप्प्यात सलग आधार पाहिजे, आणि तो बाजूने ओढून बदलता आला पाहिजे. नंतर ठिगळ लावण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

तीन. साफसफाईसाठी पट्टा बंद करायची वेळ शिफ्टमध्ये ठरवून द्या. बंद म्हणजे नुसतं बटण नाही. वीज तोडून, कुलूप लावून, चावी साफ करणाऱ्याच्या खिशात.

चार. सुरक्षा समिती असेल तिथे ठेक्यावरच्या कामगाराला जागा द्या. फावडं त्याच्या हातात आहे, माहिती त्याच्याकडे आहे.

पाच. कारखान्यांसाठी राज्याचं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे, खाणींसाठी केंद्राचं खाण सुरक्षा महासंचालनालय. या दोघांनी जिल्ह्यातल्या अपघातांची यादी, नावं वगळून का होईना, पण जागा आणि कारण लिहून दरवर्षी लोकांसमोर ठेवावी. 'पट्टा' एवढं लिहू नये. पट्ट्याची कुठली जागा, आणि तो माणूस तिथे काय करत होता, हे लिहावं.

आमदार-खासदारांनाही एक विचारायचं आहे. रोजगार आणला म्हणून फ्लेक्स लावता, छान. त्या रोजगारात रोज किती घमेली सांडलेला माल उचलावा लागतो, हे एकदा आत जाऊन बघाल का? सोबत फोटोग्राफर न नेता.

आणि आमच्या पत्रकार मित्रांना. पुढच्या वेळी पोलीस ठाण्यातून 'तोल जाऊन' असं आलं, तर एक फोन जास्त करू या. पट्टा चालू होता का? गार्ड जागेवर होता का? माल का सांडला होता? तीन प्रश्न आहेत, चार ओळींच्या बातमीतही मावतात.

जे वाचक स्वतः पट्ट्यावर काम करतात त्यांनी उद्या ड्युटीवर एकच करावं. माल पडतो त्या जागेच्या बाजूला, सुरक्षित अंतरावर उभं राहून, पट्ट्याची कड बघावी. प्रत्येक दणक्याला ती खाली-वर होत असेल, तर सुपरवायजरला लेखी कळवा आणि कागदावर पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पुढे जात नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कागद असला तर उद्या कोणी 'निष्काळजीपणा' लिहायच्या आधी दोनदा विचार करेल.

शेअर करा. विशेषतः ज्यांच्या घरून सकाळी डबा घेऊन कोणी पट्ट्यावर जातं, त्यांच्यापर्यंत पोचवा.